हुकूम स्विचचा, भार रिलेचा

ऑफ-रोड गाडीत मागाहून बसवलेली विजेची उपकरणे चालू-बंद करण्यासाठी जे वेगळे स्विच लावतात, त्यांना ऑक्झिलरी स्विच म्हणतात. एलईडी लाइट बार, फॉग लॅम्प, मागचा वर्क लाइट, टायरमध्ये हवा भरण्याचा कॉम्प्रेसर, छोटा फ्रिज, जादा चार्जिंग पॉइंट अशी उपकरणे त्यांच्यावर चालतात. पुण्याच्या कोथरूडमध्ये अशा गाड्या बऱ्याच दिसतात, कारण डोंगर जवळ आहेत. पौड रस्ता चांदणी चौक ओलांडून भूगाव, पिरंगुट, पौड करत मुळशीच्या पाण्याकडेने थेट ताम्हिणी घाटात उतरतो. पावसाळ्यातल्या शनिवारी पहाटे या रस्त्यावर थार, गुरखा आणि जिम्नी यांची रांग लागते. त्यातल्या बहुतेकींच्या डॅशबोर्डवर कंपनीने न दिलेले दोन-चार स्विच असतात.

स्विच विकत घेताना त्याचा रंग, दिवा आणि त्यावरचे चित्र पाहिले जाते. बिघाड मात्र स्विचच्या पुढच्या बाजूला क्वचित होतो. तो पाठीमागे, वायरीत, फ्यूजमध्ये, अर्थमध्ये किंवा फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या, भोकात होतो. या कामात स्विचला सर्वांत शेवटचे स्थान आहे. आधी भार मोजायचा, मग त्याला पुरेल अशी वाट तयार करायची आणि शेवटी त्या वाटेवर पहारा ठेवायचा, असा हा क्रम आहे. तो उलटा झाला की काय होते, ते पुढच्या अनुभवावरून कळते.

एका थारचा अनुभव

कोथरूडमधल्या एका थारला पुढच्या बंपरवर १२० वॅटचा लाइट बार बसवला होता. वीज घेतली होती डॅशबोर्डवरच्या १२ व्होल्ट सॉकेटच्या मागून, कारण ती जागा हाताशी होती आणि इंजिनच्या बाजूला वायर न्यावी लागत नव्हती. मध्ये एक रॉकर स्विच होता, रिले नव्हता. शहरात सगळे ठीक चालले. घाटात बार चालू ठेवून त्याच सॉकेटला हवेचा छोटा पंप लावला, तेव्हा फ्यूज उडाला. सॉकेटच्या सर्किटला फ्यूज होता १५ अँपिअरचा. बार १० अँपिअर घेत होता आणि पंप साधारण ११. उडायलाच हवा होता, तो उडाला.

गॅरेजमध्ये उपाय मिळाला तो असा : “साहेब, तीसचा टाकलाय. आता काय उडत नाय बघा.”

खरोखरच तो फ्यूज पुन्हा उडाला नाही. ३० अँपिअरचा फ्यूज २१ अँपिअरला उडेल कसा? पुढच्या पावसाळी फेरीत बार आधी लुकलुकू लागला, मग केबिनमध्ये प्लॅस्टिक तापल्याचा वास आला आणि स्विचला बोट लावणे कठीण झाले. बॅटरीची वायर काढली म्हणून प्रकरण तेवढ्यावर थांबले. नंतर पॅनेल उघडल्यावर स्विचची पाठ तपकिरी झालेली दिसली. त्याच्या एका पातीवरचा स्पेड कनेक्टर सैल होऊन काळा पडला होता आणि वायरचे आवरण वितळून मागे सरकले होते. स्विचच्या कडेला बारीक अक्षरांत छापले होते : ६ अँपिअर, २५० व्होल्ट एसी. हा घरातल्या एक्स्टेन्शन बोर्डावर शोभणारा स्विच होता.

या एका प्रकरणात नेहमीच्या जवळजवळ सगळ्या चुका एकत्र सापडतात. दुसऱ्या कामासाठी आखलेल्या सर्किटमधून वीज घेतली, सगळा भार स्विचमधून वाहिला, एसीचा स्विच डीसीला लावला आणि फ्यूज उडण्याचे कारण शोधण्याऐवजी फ्यूजच मोठा केला. फ्यूज उपकरणाच्या रक्षणासाठी असतो, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात तो वायरीच्या रक्षणासाठी असतो. वायर सोसणार नाही इतका मोठा फ्यूज घातला की साखळीतली सर्वांत कच्ची वस्तू फ्यूजचे काम करू लागते. इथे ती वस्तू स्विच निघाली. डॅशबोर्डच्या आतली कंपनीची वायर निघाली असती, तर आग लागली असती.

भाराचा हिशेब

गाडीतल्या विजेचे गणित सोपे आहे : वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. १२ व्होल्टला १२० वॅटचा बार १० अँपिअर घेतो. २० वॅटच्या फॉग लॅम्पची जोडी सव्वातीन ते साडेतीन, कॉम्प्रेसर चालू असताना छोटा फ्रिज चार-पाच आणि ६० वॅटचा टाइप-सी चार्जर सुमारे पाच अँपिअर घेतो. मोठा टायर लवकर भरणारा कॉम्प्रेसर एकटाच ३० अँपिअरच्या आसपास जातो. या सगळ्यांची बेरीज पन्नाशी ओलांडते.

ही बेरीज अल्टरनेटरला पेलायची असते. अल्टरनेटरवर लिहिलेला आकडा इंजिन चांगल्या वेगाने फिरत असतानाचा असतो. आयडलिंगला तो त्यापेक्षा बराच कमी देतो. आधीच हेडलाइट, वायपर, एसीचा ब्लोअर आणि इंजिनचे स्वतःचे पंप त्याच्याकडून वीज घेत असतात. चिखलात गाडी जागच्या जागी उभी, इंजिन आयडलला आणि सगळे दिवे चालू, अशा वेळी तूट बॅटरीतून भरून निघते. म्हणून यादी करताना कोणती उपकरणे एकाच वेळी चालणार, हेही लिहावे. हवा भरताना लाइट बारची गरज नसते.

खोक्यावरच्या वॅटवर विसंबू नये. स्वस्त लाइट बारवर ‘३०० वॅट’ छापलेले असते आणि प्रत्यक्षात तो त्याच्या निम्मेही घेत नाही. उलट कॉम्प्रेसर टायरमधला दाब वाढत जाईल तसा छापील आकड्याच्या वर जाऊ शकतो. खरा आकडा क्लॅम्प मीटरने मिळतो. तो मीटर डीसी करंट मोजणारा आहे, याची आधी खात्री करावी. घरगुती वायरमनकडचे बरेच क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात आणि गाडीच्या वायरीवर शून्य दाखवतात.

फ्यूज आणि वायर

उपकरणाच्या भारात सुमारे चौथा हिस्सा मिळवायचा आणि त्यापुढच्या प्रचलित आकड्याचा फ्यूज घ्यायचा, हा सर्वसाधारण नियम आहे. १० अँपिअरच्या बारला साडेबारा होतात, म्हणून १५चा फ्यूज. ३० अँपिअरच्या कॉम्प्रेसरला साडेसदतीस, म्हणून ४०चा. पातीच्या फ्यूजचे रंग ठरलेले असतात : १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा, ४० नारिंगी. हे रंग पाठ असले तर बॉनेट उघडताक्षणी कुणीतरी निळ्याच्या जागी हिरवा बसवल्याचे दिसते.

वायर फ्यूजपेक्षा नेहमी सशक्त हवी. शिवाय लांबीचा विचार करावा लागतो, कारण १२ व्होल्टच्या प्रणालीत अर्धा व्होल्ट गळणेही जाणवते. समजा बारपर्यंत जाणारी आणि परत येणारी मिळून ८ मीटर तांब्याची वायर आहे आणि तीतून १० अँपिअर वाहतात. १ चौरस मिलिमीटरच्या वायरीत सुमारे १.४ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. २.५च्या वायरीत ही गळती ०.५६ व्होल्टवर येते आणि ४च्या वायरीत ०.३५वर. गळालेली वीज उष्णता होऊन वायरीतच राहते. १५च्या फ्यूजमागे २.५ स्क्वेअर एमएम आणि ४०च्या फ्यूजमागे किमान ६ स्क्वेअर एमएम घेतले, तर थार-जिम्नीच्या आकाराच्या गाडीत काम निभते. छपरावर किंवा मागच्या दाराशी जाणाऱ्या लांब वायरीला एक पायरी वरचा आकार घ्यावा.

वायर कोणती, हेही महत्त्वाचे. घराच्या वायरिंगची वायर गाडीत वापरू नये. तिच्यातल्या मोजक्या जाड तारा हादऱ्यांनी तुटतात आणि तिचे आवरण इंजिनजवळची उष्णता व तेल सोसण्यासाठी बनवलेले नसते. ऑटो केबलमध्ये बारीक तारांचा जुडगा असतो. तयार स्वस्त हार्नेसमध्ये तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तारही येते. टोक ब्लेडने खरवडले की आत चांदीसारखी चमक दिसते. अशी तार त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा सुमारे दीडपट विरोध करते, म्हणजे वरचा सगळा हिशेब तिथे कोलमडतो. नाना पेठेतल्या ऑटो पार्टच्या दुकानांत वायर मीटरवर मिळते. तिथेच टोक खरवडून पाहावे.

मुख्य फ्यूजची जागा बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत असावी. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरीला कोणतेही संरक्षण नसते. तेवढा तुकडा कुठे घासून बॉडीला टेकला, तर बॅटरी आपली सगळी ताकद त्यातून ओतते आणि इग्निशन बंद केले तरी ती थांबत नाही. केबिनमध्ये स्विचजवळ फ्यूज लावला आणि बॅटरीजवळ काहीच नाही, अशी जोडणी वरवर नीटनेटकी दिसते. पण इंजिनच्या बाजूची सगळी वायर तिथे उघडी पडलेली असते.

रिलेचे काम

भार स्विचमधून न्यायचा नाही, हे रिलेमुळे शक्य होते. रिलेतल्या छोट्या कॉइलला १५०-२०० मिलिअँपिअर पुरतात. ती चुंबक होऊन आतला जाड संपर्क ओढते आणि बॅटरीकडचा मोठा प्रवाह उपकरणाकडे जातो. म्हणजे स्विचला फक्त हुकूम द्यायचा असतो. त्याच्यापर्यंत ०.७५ किंवा १ स्क्वेअर एमएमची वायर आणि दोन-तीन अँपिअरचा फ्यूज पुरतो. केबिनमध्ये मोठा प्रवाह येतच नाही आणि डॅशबोर्डमागे काही बिघडले, तरी त्यातून आग लागण्याची शक्यता पुष्कळ घटते.

चार पायांच्या नेहमीच्या रिलेवरचे आकडे जर्मन मानकातून आले आहेत आणि ते जगभर सारखे आहेत. ३०वर बॅटरीकडून फ्यूजमार्गे येणारी वीज, ८७वर उपकरण, ८६वर स्विचकडून येणारी वायर आणि ८५वर अर्थ. पाच पायांच्या रिलेत ८७-ए नावाचा मधला पाय असतो. रिले बंद असताना त्याच पायावर वीज असते, त्यामुळे तो मोकळा सोडला तर त्यावर आवरण हवे. कॉइलचा प्रवाह तुटताना उलट दिशेचा मोठा झटका निर्माण होतो. तो नाजूक इलेक्ट्रॉनिक्सला बाधू नये म्हणून आत डायोड किंवा रेझिस्टर असलेला रिले घ्यावा. डायोडच्या रिलेत ८६ धन आणि ८५ ऋण ही बाजू उलटवता येत नाही.

‘३०/४० अँपिअर’ असे लिहिलेला साधा रिले मोठ्या कॉम्प्रेसरला दीर्घकाळ पुरत नाही. तिथे ७० अँपिअरचा रिले किंवा कॉम्प्रेसरबरोबर आलेला त्याचाच हार्नेस वापरावा. रिले बसवताना त्याचे पाय खाली असावेत, म्हणजे पाणी आत साचत नाही. रेडिएटर, टर्बो आणि एक्झॉस्टपासून तो दूर ठेवावा.

अडकलेली गाडी ओढून काढणारी विंच मात्र या सगळ्यातून वगळावी. साडेनऊ हजार पौंडांची विंच पूर्ण ताणाखाली ४०० अँपिअरच्या घरात जाते. तिच्या जाड केबल बॅटरीपासून आयसोलेटरमार्गे थेट तिच्याच काँटॅक्टरकडे जातात. डॅशबोर्डवरच्या स्विचने फार तर त्या काँटॅक्टरला हुकूम देता येतो.

वीज कधी मिळावी

अमेरिकेत जीप रँग्लरला चार ऑक्झिलरी स्विच कारखान्यातूनच मिळू शकतात. त्यांतले दोन ४० अँपिअरचे आणि दोन १५ अँपिअरचे आहेत, आणि त्या पॅकेजमध्ये अल्टरनेटरही मोठा येतो. कंपनीने प्रत्येक स्विचसाठी मालकाला तीन गोष्टी ठरवायला दिल्या आहेत : वीज थेट बॅटरीची की इग्निशननंतरची, बटण दाबून सोडले तरी चालू राहणारे की दाबून ठेवेपर्यंतच चालणारे आणि गाडी पुन्हा सुरू केल्यावर आधीची स्थिती कायम राहणार की नाही. बाहेरून स्विच बसवतानाही हेच प्रश्न प्रत्येक उपकरणाबाबत कागदावर सोडवावेत.

पुढचे दिवे इग्निशनवर असावेत, म्हणजे किल्ली काढली की ते आपोआप बंद होतात. लांब पल्ल्याच्या दिव्यांचा रिले हेडलाइटच्या अपर बीमशी जोडावा आणि मध्ये स्विच ठेवावा. समोरून गाडी आली, डिपर दिला की जादा दिवेही विझतात आणि चालकाला दोन ठिकाणी हात न्यावा लागत नाही. काही नव्या गाड्यांत हेडलाइटला तुटक स्पंदनांनी वीज दिली जाते. तिथे रिले थरथरतो आणि आवाज करतो. अशा वेळी हुकुमाची वीज इग्निशनच्या सर्किटवरून घ्यावी.

मागचा वर्क लाइट रिव्हर्स गिअरवर आपोआप लागणे सोयीचे असते. तळ टाकल्यावर तो हाताने लावता यावा म्हणून तीन स्थितींचा स्विच वापरतात. पण तो पुढे धावणाऱ्या गाडीत चालू राहिला तर मागच्या चालकाचे डोळे दिपतात, म्हणून स्विचमधला दिवा लाल आणि ठळक असावा.

फॉग लॅम्प आणि लाइट बार एकाच स्विचवर कधीच घेऊ नयेत. ताम्हिणीत ढग रस्त्यावर उतरतात तेव्हा छपरावरचा पांढरा बार धुक्यावर आपटून चालकाच्याच डोळ्यांत परततो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. त्या वेळी बार विझवून खालच्या बंपरमधले रुंद पसरणारे दिवे तेवढे ठेवावे लागतात. दोन्ही एकाच बटणावर असले, की सगळे पांढरे किंवा सगळे काळे, एवढाच पर्याय उरतो.

फ्रिज थेट बॅटरीवर ठेवावा लागतो, पण त्याला व्होल्टेज घसरताच तोडणारे संरक्षण हवे. चांगली बॅटरी विश्रांतीच्या स्थितीत १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२च्या आसपास ती निम्मी रिकामी असते. मुक्कामी फिरणाऱ्यांनी दुसरी बॅटरी आणि आयसोलेटर लावावा, म्हणजे सकाळी इंजिन सुरू करण्यासाठी पहिली बॅटरी शाबूत राहते.

स्विचमधले शोभेचे दिवेही हिशेबात धरावेत. पॅनेलची रोषणाई थेट बॅटरीवर घेतली आणि ती १०० मिलिअँपिअर खात असली, तर दिवसाला २.४ आणि १० दिवसांत २४ अँपिअर-तास जातात. आठवडा-आठवडा सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीला एवढी गळती जंप-स्टार्टवर आणून सोडते. ही रोषणाई पार्किंग लाइटच्या सर्किटवर घ्यावी.

स्विच आणि त्याची जागा

स्विचवर डीसीसाठीचा आकडा छापलेला असावा. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे संपर्क सुटताना उडणारी ठिणगी आपोआप विझते. डीसीला तशी सवड मिळत नाही. ठिणगी लांबते आणि संपर्क जाळते. म्हणून २५० व्होल्ट एसीचा स्विच १२ व्होल्टला ‘जास्तच मजबूत’ असेल, हा तर्क फसतो. बोटींसाठी बनवलेले सीलबंद रॉकर स्विच या कामाला उत्तम.

डोळे रस्त्यावर ठेवून बोटाला सापडेल, पण गुडघा, गिअर लिव्हर किंवा ट्रान्स्फर केसच्या दांड्याचा धक्का लागणार नाही, अशी जागा निवडावी. कंपनीने मोकळ्या सोडलेल्या झाकणांच्या जागी बसणारे स्विच मिळाले, तर डॅशबोर्ड कापावा लागत नाही. कॉम्प्रेसरचा स्विच दिव्यांच्या रांगेपासून वेगळा असावा. फ्यूज बॉक्स किंवा रिले सीटखाली जमिनीवर ठेवू नये. थारची पाण्यात उतरण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर आणि गुरखाची ७०० मिलिमीटर आहे. एवढ्या पाण्यात उतरलेल्या गाडीत दाराच्या रबरातून थोडे पाणी आत येतेच, आणि ते आधी जमिनीवर साचते.

वीज घेण्याची आणि नेण्याची वाट

हुकुमाच्या वायरीला इग्निशनची वीज हवी असते. ती कंपनीच्या फ्यूज बॉक्समधून ‘फ्यूज टॅप’ लावून घेता येते. टॅपला दोन फ्यूज बसतात, एक मूळ सर्किटचा आणि एक नव्या वायरीचा. टॅप उलटा बसला तर नवा भारही मूळ फ्यूजमधूनच जातो, म्हणून पुरवठ्याची बाजू कोणती, हे मल्टिमीटरने आधी पाहावे. एअरबॅग, एबीएस आणि इंजिन कंट्रोलच्या फ्यूजला टॅप लावू नये. पिवळ्या आवरणातल्या किंवा पिवळ्या कपलरच्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना हात लावू नये.

आजच्या गाडीत दिव्यांपासून खिडक्यांपर्यंत पुष्कळ कामे बॉडी कंट्रोल मॉड्यूल सांभाळते. त्याच्या वायरीचे आवरण सोलून जोड मारला, तर मॉड्यूलला अनपेक्षित भार दिसतो आणि ते कधी इशारा देते, कधी ते सर्किटच बंद करते. पीळ देऊन टेप गुंडाळणे ही जुन्या जीपच्या काळातली रीत इथे चालत नाही.

केबिनमधून इंजिनकडे जाताना मधल्या पत्र्यात, म्हणजे फायरवॉलमध्ये, कंपनीचेच रबरी ग्रॉमेट शोधावे. नवे भोक पाडलेच तर त्याची कड घासून, रंग लावून ग्रॉमेट बसवल्याशिवाय त्यातून वायर नेऊ नये. पत्र्याची उघडी कड खडबडीत रस्त्यावर वायरीचे आवरण हळूहळू सोलते. आधी कधीमधी फ्यूज उडतो, कारण सापडत नाही, आणि मग एखाद्या खड्ड्यात कायमचे शॉर्ट होते. इंजिनच्या बाजूला वायर नालीदार पाइपमध्ये घालावी, ठरावीक अंतरावर टायने बांधावी आणि इंजिनच्या हलत्या भागाशी तिचा संबंध येऊ देऊ नये. छपराकडे जाताना ए-पिलरमध्ये पडद्याची एअरबॅग असेल, तर तिच्यावरून वायर नेऊ नये. निघणाऱ्या छपराच्या गाडीत तिथे वॉटरप्रूफ कपलर ठेवावा.

जोडांसाठी योग्य मापाचे थिंबल, रॅचेटचा क्रिम्पिंग प्लायर आणि आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह वापरावी. क्रिम्प केल्यावर वायर जोराने ओढून पाहावी. हातात आली तर ती घाटात सुटणारच होती. दिव्याजवळ कपलरच्या खाली वायरीला एक वळसा द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी वळशाच्या तळाशी टपकते, कपलरमध्ये शिरत नाही. आयपी ६७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटे टिकण्याची कसोटी. वॉशिंग सेंटरमधल्या प्रेशर पंपाचा झोत ही वेगळी कसोटी आहे, त्यामुळे कपलरवर थेट झोत मारू देऊ नये.

दिवे मंद लागणे, लुकलुकणे, एक लावला की दुसरा मिणमिणणे, या तक्रारींच्या मुळाशी बहुधा अर्थ असतो. बॉडीवर अर्थ घेताना रंग पत्र्यापर्यंत खरवडावा, दातेरी वॉशर घालून बोल्ट कसावा आणि वरून ग्रीस किंवा रंग लावावा. कोकणात उतरणाऱ्या गाड्यांना खाऱ्या हवेमुळे हे विशेष लागू आहे. काही गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर प्रवाह मोजणारा सेन्सर असतो. तिथे अर्थ थेट टोकावर न घेता बॉडीवर घ्यावा, नाहीतर सेन्सरला नवा भार दिसत नाही आणि चार्जिंगचा हिशेब चुकतो.

आठ-आठ बटणांची तयार पॅनेल आता सहज मिळतात. त्यांची मोठी पेटी बॉनेटखाली बसते आणि केबिनमध्ये एकच बारीक केबल येते. काम नेटके होते. मात्र दोन गोष्टी पाहाव्यात : प्रत्येक बटणाची मर्यादा आणि संपूर्ण पेटीची एकत्रित मर्यादा. दुसरा आकडा पहिल्यांच्या बेरजेपेक्षा कमी असतो. पेटी बिघडली तर सगळी उपकरणे एकदम जातात, म्हणून एक फॉग लॅम्प तरी स्वतंत्र सर्किटवर ठेवणे शहाणपणाचे.

कायदा, विमा आणि वॉरंटी

गाड्यांच्या चाचण्या करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ साली स्थापन झाली. तिचे मुख्यालय पौड रस्त्यालगत वेताळ टेकडीवर आहे, म्हणजे कोथरूडकरांच्या रोजच्या दृष्टीतले. गाडीवरचे दिवे कोणत्या उंचीवर आणि कोणत्या दिशेने असावेत, याचेही देशात एक मानक आहे. नवीन मॉडेल त्यात उतरल्याशिवाय विक्रीला येत नाही. बाहेर बसवलेला बार त्या चाचणीतून गेलेला नसतो. स्वस्त बार चालू करताच एफएम रेडिओत खरखर सुरू झाली, तर त्याचे सर्किट अनावश्यक विद्युतचुंबकीय लहरी फेकत आहे, असे समजावे.

मोटार वाहन अधिनियम १९८८च्या कलम ५२नुसार कंपनीने ठरवलेल्या स्वरूपात मनाजोगे बदल करता येत नाहीत. २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९च्या १११व्या नियमाने पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावण्यास, नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीचा अपवाद वगळता, मनाई आहे. शहरातून जाताना बारवर झाकण घालणे हे समोरच्याबद्दलचे सौजन्य आहे. त्याने बदलाला मान्यता मिळत नाही. बार लावायचा असेल, तर आधी आरटीओत विचारावे. बंद जागेतल्या ट्रॅकवर जाणाऱ्यांनी तो कपलरने सुटणारा ठेवावा आणि सार्वजनिक रस्त्यावर उतरवून ठेवावा.

विमा कंपनीला जादा उपकरणांची माहिती लेखी द्यावी. आगीच्या दाव्यात सर्वेक्षक पहिल्यांदा बाहेरची वायरिंग पाहतो. कंपनीची वायर कापली किंवा सोलली असेल, तर वॉरंटीत त्या भागाची जबाबदारी नाकारली जाऊ शकते. वेगळा फ्यूज, वेगळा रिले आणि जागच्या जागी निघणारे जोड असलेले काम इथेही उपयोगी पडते, कारण ते मूळ वायरिंगला न दुखावता काढता येते.

तपासणी

काम सुरू करताना बॅटरीचे ऋण टोक आधी काढावे आणि शेवटी जोडावे. जोडल्यावर एकेक उपकरण चालू करून करंट मोजावा आणि आधीच्या यादीशी ताडून पाहावा. मग सगळी उपकरणे अर्धा तास चालवून फ्यूज होल्डर, रिले आणि प्रत्येक जोड हाताने चाचपावा. जोड कोमट लागला तर चालेल, पण हात मागे घ्यावा लागला तर तो पुन्हा करावा. उपकरण चालू असताना त्याचे ऋण टोक आणि बॅटरीचे ऋण टोक यांमध्ये मल्टिमीटर धरावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थ कच्चा आहे. शेवटी गाडी कुलूपबंद करून, मॉड्यूल झोपी जाईपर्यंत थांबून, उभ्या गाडीची गळती मोजावी. काम करण्याआधीच्या आणि नंतरच्या आकड्यांत फारसा फरक नसावा.

प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना नाव लिहिलेली पट्टी लावावी. कोणता फ्यूज कशाचा, कोणती वायर कुठून जाते आणि रिले कुठे आहे, याचा नकाशा काढून एक प्रत ग्लोव्ह बॉक्समध्ये आणि एक फोनमध्ये ठेवावी. नेमक्या मापाचे जादा फ्यूज आणि एक रिले नकाशाजवळच असावेत. प्रवासात फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा एकदा बदलावा. लगेच पुन्हा उडाला तर ते उपकरण बंद ठेवून घरी यावे आणि दोष शोधावा. पावसाळा संपल्यावर सर्व कपलर उघडून हिरवट गंज दिसतो का ते पाहावे, अर्थचे बोल्ट पुन्हा कसावेत आणि फायरवॉलमधल्या ग्रॉमेटपाशी वायर घासली आहे का, ते टॉर्च लावून तपासावे.